नेटवरच्या माणसाने न मारलेले फटके

मे २०२२ मधली थॉमस कपची फायनल तुम्ही पाहिली असेल, निदान तिच्या क्लिप तरी. बँकॉकमध्ये भारताने इंडोनेशियाला ३-० हरवलं आणि तो कप पहिल्यांदा आपल्याकडे आला. त्यातली दुसरी मॅच दुहेरीची होती. एकीकडे सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी, दुसरीकडे मोहम्मद अहसान आणि केविन संजया सुकामुल्जो. स्कोअर १८-२१, २३-२१, २१-१९. आता एक साधी बेरीज करा. भारताचे ६२ पॉइंट, इंडोनेशियाचे ६१. एकूण १२३ रॅल्या आणि फरक एका रॅलीचा. तोही दुसऱ्या गेममध्ये चार मॅच पॉइंट वाचवल्यानंतरचा.

एवढ्या काठावरच्या मॅचबद्दल नंतर आपण काय बोललो? मुख्यतः सात्विकच्या स्मॅशबद्दल. पुढच्या वर्षी त्याच्या नावावर ताशी ५६५ किलोमीटरचा गिनेस विक्रमही लागला. जपानमधल्या योनेक्सच्या जागेत, मॅचच्या बाहेर, शटल रॅकेटवरून निघतानाचा तो वेग. आकडा जबरदस्त आहे, प्रश्नच नाही. पण दुहेरीची मॅच समजून घ्यायला हा आकडा फारसा कामाचा नाही, आणि टीव्हीवर दर स्मॅशनंतर कोपऱ्यात उमटणारे वेगाचे आकडे तर आपली नजर हमखास चुकीच्या माणसावर नेतात. हा लेख दुसऱ्या माणसाबद्दल आहे. नेटजवळ, रॅकेट छातीच्या वर धरून, गुडघ्यात वाकून उभा असतो तो.

नियमित वाचकांना माहीत आहे, पण नव्यांसाठी सांगते: माझ्या पीएचडीचा प्रश्न एका ओळीत मावतो. दोघांनी मिळून जिंकलेल्या पॉइंटचं श्रेय दोघांत कसं वाटायचं? ऐकायला हा भांडणाचा विषय वाटतो, आणि खरं म्हणजे तो आहेच.

आधी थोडी भूमिती, कारण नेटवरचा खेळ आक्रमक का असतो हे तिच्याशिवाय कळत नाही. बॅडमिंटनचं नेट मध्यभागी १.५२४ मीटर उंच असतं. समजा एक उंच खेळाडू नेटपासून साडेपाच मीटर मागून, उडी मारून, २.८ मीटर उंचीवर स्मॅश मारतो. शटल नेटच्या काठाला अगदी चाटून सरळ रेषेत गेलं असं धरलं, तर ते पलीकडे नेटपासून साधारण साडेसहा मीटरवर जमिनीला टेकेल, म्हणजे जवळजवळ मागच्या रेषेवर. प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षण आणि हवेचा अडथळा त्याला बरंच आधी खाली आणतात, पण मुद्दा हा की मागून मारलेला स्मॅश समोरच्या दोघांच्या अंगावरून, त्यांच्या रॅकेटच्या टप्प्यातून जातो. आता तेच नेटपासून एक मीटरवर, २.४ मीटर उंचीवर टॅप करणाऱ्या खेळाडूचं बघा. त्याचं शटल पलीकडे पावणेदोन मीटरच्या आत जमिनीवर. शॉर्ट सर्व्हिस लाइनच मुळी १.९८ मीटरवर असते. बचाव करणारे दोघे तिच्याही बरेच मागे उभे असतात. तिथे कुणीच नसतं.

वेळेचा हिशेब त्याहून निर्दय आहे. दोन्ही बाजूंच्या सर्व्हिस लाइनवर एकेक खेळाडू उभा असेल तर त्यांच्यात चार मीटरला जरा कमी अंतर असतं. मधल्या टप्प्यात शटलचा सरासरी वेग ताशी फक्त ७२ किलोमीटर धरा. स्मॅशच्या मानाने हे अगदी सावकाश. तरी ते अंतर ०.२ सेकंदात संपतं, आणि डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला सर्वसाधारणपणे तेवढाच वेळ लागतो. म्हणजे नेटवर पाहून खेळता येत नाही. आधीच ठरवावं लागतं. समोरचा काय मारणार याचा अंदाज बांधून रॅकेट तिथे नेऊन ठेवावी लागते, आणि अंदाज चुकला तर जगासमोर वेडं दिसावं लागतं.

आता माझ्या क्षेत्रावरची टीका. रॅकेटच्या खेळांचं विश्लेषण करताना सर्वांत सोपी, म्हणून सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे रॅलीचा शेवटचा फटका मोजणं. शेवटचा फटका कुणाचा, कोणत्या प्रकारचा, कुठून आला, कुठे पडला. एकेरीत हे काही प्रमाणात चालून जातं. दुहेरीत ही पद्धत म्हणजे पंगतीत शेवटी ताक वाढणाऱ्याला सगळ्या जेवणाचं श्रेय देणं. एक नेहमीची रॅली घ्या: सर्व्हिस, रिसीव्हरचा हाफमध्ये पुश, तिकडून ड्राइव्ह, नेटवरचा खेळाडू तो ड्राइव्ह मध्येच अडवून हलकेच खाली टेकवतो, समोरच्याला नाइलाजाने टॉस उचलावा लागतो, मागचा स्मॅश मारतो, परत टॉस, परत स्मॅश, पॉइंट. शेवटच्या फटक्याच्या तक्त्यात इथे मागच्या खेळाडूच्या खात्यात एक स्मॅश जमा होतो. नेटवरच्याच्या खात्यात शून्य. रॅली मात्र चौथ्या फटक्यालाच फिरली होती.

म्हणून काही अभ्यासक, आणि मीही, शेवटच्या फटक्याऐवजी ‘वळणाचा फटका’ नोंदवतो: ज्या फटक्यानंतर समोरच्या जोडीला पहिल्यांदा शटल वर उचलावं लागलं तो. हे पुष्कळ बरं आहे. पण यानेही अर्धंच काम होतं, कारण नेटवरच्या माणसाचं सर्वांत मोठं काम त्याने मारलेल्या फटक्यांत नसतं. ते समोरच्याने टाळलेल्या फटक्यांत असतं. हाफमधून सरळ रेषेत सोपा ड्राइव्ह मारता आला असता, पण तिथे केविन उभा आहे, म्हणून मी अवघड कोनातून क्रॉस मारते आणि तो बाहेर जातो. तक्त्यात ही माझी चूक म्हणून नोंदवली जाईल. केविनने तर शटलला हातही लावलेला नाही.

केविन संजयाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आक्रमक नेट प्लेचं नाव काढलं की पहिल्यांदा तोच आठवतो आणि माझ्या मते बहुतेकदा चुकीच्या कारणांसाठी आठवतो. तो आणि मार्कस फर्नाल्डी गिडिऑन, ‘मिनियन्स’. दोघांची उंची १७० सेंटीमीटरच्या आसपास. २०१७ आणि २०१८ ची ऑल इंग्लंड त्यांची, २०१८ च्या जकार्ता एशियाडचं सुवर्ण त्यांचं, आणि २०१७ ते २०२२ या काळात बहुतेक वेळ ते जागतिक क्रमवारीत पहिले. २०१७ च्या ऑल इंग्लंड फायनलमध्ये समोर ली जुनहुई आणि लिऊ युचेन होते, दोघेही १९० सेंटीमीटरच्या वर. उंच माणसांना वरून खाली मारायचं असतं. मिनियन्सनी त्यांना शटल वर मिळूच दिलं नाही. सगळा खेळ नेटच्या उंचीवर सपाट ठेवला आणि सपाट खेळात लांब हात ही अडचण होते. २१-१९, २१-१४.

लोकांना केविनचे पाठीमागून मारलेले फटके आठवतात, समोरच्याकडे बघून केलेले हावभाव आठवतात. हावभावांबद्दल नियम स्पष्ट आहे, मुद्दाम प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करणं हा फॉल्ट आहे, आणि तो कधी द्यायचा हे अंपायरवर सोडलेलं आहे. मला त्यात रस नाही. पाठीमागून मारलेल्या फटक्यांबद्दल मात्र एक निरीक्षण आहे. असा फटका पाहताना त्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदाकडे पाहा. पुष्कळदा तो एका बाजूला जास्तच झुकलेला असतो, अंदाज चुकलेला असतो, आणि तो फटका म्हणजे त्या चुकीची अप्रतिम दुरुस्ती असते. कौतुक जरूर करा. पण कौतुक कशाचं, तर एवढा मोठा अंदाज बांधण्याच्या धाडसाचं. जो नेटवर कधीच चुकीच्या बाजूला सापडत नाही, तो बहुधा अंदाजच बांधत नाही.

त्याचं खरं मोठेपण मला तिसऱ्या फटक्यात दिसतं. सर्व्हिस पहिला, रिसीव्ह दुसरा, सर्व्हरचा परतीचा फटका तिसरा. मार्च २०१८ पासून सर्व्हिस १.१५ मीटरच्या खालीच मारावी लागते, म्हणजे शटल वर चढूनच नेट ओलांडणार, आणि रिसीव्हर त्याच्यावर तुटून पडणार. कागदावर सर्व्हिस करणारी जोडी मागे असते. केविन सर्व्ह करून रॅकेट वर घेऊन तिथेच, रेषेवर थांबतो आणि रिसीव्हरचा पुश हवेतच कापतो. म्हणजे रिसीव्हरने मिळवलेला पुढाकार एका फटक्यात परत घेतो. हे हायलाइट्समध्ये क्वचितच येतं, कारण पॉइंट त्यानंतर दोन-तीन फटक्यांनी संपतो आणि हायलाइट्स शेवटाकडून मागे कापलेले असतात.

आता दुसरं टोक. हेंद्रा सेतियावान. बीजिंग २००८ चं ऑलिंपिक सुवर्ण मार्किस किडोबरोबर, विश्वविजेतेपदं चार: २००७ ला किडोबरोबर, २०१३, २०१५ आणि २०१९ ला अहसानबरोबर. शेवटचं बाझेलमध्ये, बरोबर पस्तिसाव्या वाढदिवशी. हेंद्रा नेटवर उभा असताना त्याला झोप आलीय की काय असं वाटतं. जोरात काही मारत नाही. शटलखाली रॅकेट नेतो, एक क्षण थांबतो, समोरचे दोघे हलले की त्यांच्यामधल्या रिकाम्या पट्टीत ते ठेवून देतो. याला आपल्याकडे ‘टच चांगला आहे’ म्हणून बाजूला ठेवतात, जणू आक्रमक खेळ वेगळा आणि हा वेगळा. मला हे वर्गीकरण पटत नाही. केविन समोरच्याचा वेळ काढून घेतो. हेंद्रा त्याला वेळ देतो आणि त्या वेळेत चूक बाजू निवडायला लावतो. पुढचं शटल वर येतं, मग अहसान मारतो.

इथे ‘शेवटी संयम जिंकतो’ असं काहीतरी लिहिण्याचा मोह होतो, पण निकाल तसे नाहीत. २०१९ सालच बघा. इंडोनेशिया ओपन, जपान ओपन, चायना ओपन, तिन्ही फायनलमध्ये मिनियन्सनी अहसान-हेंद्राला हरवलं. त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मिनियन्स आपल्या पहिल्याच मॅचमध्ये चोई सोल-ग्यू आणि सेओ सेउंग-जे या कोरियन जोडीकडून हरले आणि विजेते ठरले अहसान-हेंद्रा. मिनियन्सना वर्ल्ड चॅम्पियनशिप कधीच जिंकता आली नाही, ऑलिंपिक पदकही नाही.

आणि मग जपानचे हिरोयुकी एंडो आणि युता वातानाबे. २०२० च्या ऑल इंग्लंड फायनलमध्ये त्यांनी मिनियन्सना २१-१८, १२-२१, २१-१९ हरवलं, आणि तो काही एकटादुकटा अपघात नव्हता. त्या काळात ही जोडी त्यांना सारखी नडत होती. यांनी काय केलं? सपाट खेळायचं नाकारलं. सरळ टॉस. मारा स्मॅश, आम्ही उचलतो. परत मारा. १७० सेंटीमीटरच्या माणसाला मागून कितीही वेळा स्मॅश मारायला लावला तरी कोन फारसा तीव्र होत नाही, वर लिहिलेली भूमिती इथे उलटी लागू होते. शटल केविनच्या डोक्यावरून जात राहिलं की त्याच्या अंदाजांना खायला काही उरत नाही. पण याच एंडो-वातानाबेंना २०१९ च्या वर्ल्ड टूर फायनल्सच्या फायनलमध्ये अहसान-हेंद्रानी हरवलं होतं.

तीन जोड्या, आणि गोल फिरणारा निकाल. लहानपणी खेळलेलं स्टोन-पेपर-सीझर. माझ्या कामाच्या दृष्टीने ही फार त्रासदायक गोष्ट आहे. रँकिंगची बहुतेक गणितं प्रत्येक जोडीला एकच आकडा देतात आणि गृहीत धरतात की मोठा आकडा लहान आकड्यावर भारी. शैलीमुळे निकाल गोल फिरत असतील तर एका आकड्यात ते मावणारच नाही. तीन जोड्यांच्या मूठभर मॅचेसवरून मी सिद्धांत मांडत नाहीये, तेवढी मुभा मला माझ्या गाइड देणारही नाहीत. पण नेट प्लेवर लिहिताना ‘सर्वोत्तम कोण’ हा प्रश्न ज्या खात्रीने विचारला जातो, ती खात्री कुठून येते ते मला समजत नाही.

बरं, मग टाळलेले फटके मोजायचे कसे? पहिली कल्पना सगळ्यांनाच सुचते: नेटवरचा माणूस मध्ये घुसतो तेव्हा किती पॉइंट जिंकले आणि घुसत नाही तेव्हा किती, याची तुलना करायची. इथे टेनिसकडे जरा डोकावू, कारण तिथे हा प्रश्न जास्त उघडा दिसतो. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती चारही ग्रँडस्लॅमच्या फायनलला पोचले, फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकले. पेस नेटवर. भूपती सर्व्ह करतोय, रिटर्न करणाऱ्याला माहीत आहे की पेस कदाचित आडवा धावत येऊन क्रॉस रिटर्न कापेल. तो नेहमीच आला तर सरळ रेषेत मारता येईल. कधीच आला नाही तर निर्धास्त क्रॉस मारता येईल. म्हणून दोघेही मिसळून खेळतात. आता गेम थिअरी सांगते की मिश्रण बरोबर जमलं असेल तर आडवं जाऊन जिंकण्याचं प्रमाण आणि जागेवर थांबून जिंकण्याचं प्रमाण सारखंच यायला हवं, नाहीतर खेळाडू जास्त फायद्याचा पर्याय वाढवत नेईल. मार्क वॉकर आणि जॉन वूडर्स यांनी २००१ मध्ये विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धांतल्या मॅचेसमधल्या सर्व्हिसच्या दिशांवर हेच तपासलं होतं, आणि दोन्ही दिशांना जिंकण्याचं प्रमाण त्यांना बऱ्यापैकी सारखं मिळालं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नेटवरचा खेळाडू जितका हुशार, तितकी ती तुलना सपाट. घुसलं काय, न घुसलं काय, आकडा एकच. आणि त्यावरून कुणी निष्कर्ष काढेल की घुसण्याने काही फरक पडत नाही! प्रत्यक्षात दोन्ही आकडे मिळून वर सरकलेले असतात, त्या धाकामुळे.

म्हणून मी तुलना दुसरीकडून करते. नेटवरच्याच्या कृतीऐवजी समोरच्याच्या निवडीकडे बघायचं. शटल कोर्टच्या एकाच भागात, साधारण एकाच उंचीवर मिळालंय, अशा परिस्थितीत समोरचा खेळाडू सरळ ड्राइव्ह, क्रॉस, पुश आणि टॉस यांत काय निवडतो, आणि नेटवरचा अर्धं पाऊल पुढे असताना ही निवड किती बदलते. जागा मोजणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटरचं, सगळ्या रेषांची मापं ठरलेली, म्हणजे व्हिडिओतल्या रेषांवरून चित्रातला बिंदू मीटरमध्ये बदलता येतो.

अडचण वेगळीच आहे. नेटवरचा पुढे केव्हा उभा राहतो? जेव्हा त्याला खात्री असते की शटल डोक्यावरून जाणार नाही, म्हणजे जेव्हा आधीचा फटका चांगला पडलेला असतो. मग समोरच्याची निवड बिघडली ती याच्या उभं राहण्यामुळे की आधीच्या चांगल्या फटक्यामुळे? आकडेवारी आपण होऊन हे सोडवून देत नाही. मी सध्या आधीच्या दोन फटक्यांचा दर्जा सारखा असलेल्याच रॅल्यांच्या जोड्या लावून बघतेय. काम किचकट आहे आणि हाताशी उरणाऱ्या रॅल्या भराभर कमी होतात.

हे सगळं कशासाठी, असं मला घरीही विचारतात. माझं उत्तर मिश्र दुहेरी आहे. नियमांत कुठेही लिहिलेलं नाही, पण मिश्र दुहेरीत बहुतेक वेळा पुरुष मागे आणि बाई नेटवर. म्हणजे शेवटचा फटका मोजणारी प्रत्येक पद्धत एका पूर्ण खेळप्रकारात पद्धतशीरपणे बायकांचं श्रेय कापते. चीनची हुआंग याचिओंग घ्या. झेंग सिवेईबरोबर २०१८, २०१९, २०२२ ची विश्वविजेतेपदं आणि पॅरिस २०२४ चं सुवर्ण. पॅरिसची फायनल त्यांनी २१-८, २१-११ अशी जिंकली. या जोडीबद्दल बोलताना झेंगचा वेग, झेंगची उडी, झेंगचा स्मॅश येतो, आणि हुआंगसाठी ‘नेटवर छान साथ’. साथ! ती पुढे इतक्या लवकर शटल कापते की समोरचा पुरुष खेळाडू, ज्याला मागून मारायची हौस असते, तोच खालून उचलत बसतो. झेंगला पुन्हा पुन्हा मारायला मिळणारी ती उंच शटल आपोआप वर आलेली नसतात.

आपल्याकडच्या क्लबांत याचा थेट परिणाम दिसतो. निवड चाचणीला दुहेरीच्या मुली आणि मुलगे आले की आधी स्मॅश बघितला जातो. ज्या मुलीचे हात नेटवर जलद आहेत तिला ‘मागून जोर नाही’ म्हणून एकेरी नाही, दुहेरीत दुसरी पसंती. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम ज्या शहराच्या नावाने ओळखले गेले त्या पुण्यातही मी हे पाहिलंय, आणि मुंबईतही. शटलला अजून फूल म्हणणाऱ्या जुन्या क्लबांतले काका लोक मात्र नेटवरचा माणूस बरोबर ओळखतात. पाय चालत नाहीत, मग सगळा खेळ तिथेच उरतो. त्यांच्याशी दुहेरी खेळून पाहा. पंधरा मिनिटांत तुम्ही सगळी शटल उचलून देत असता आणि ते जागचे हललेलेही नसतात.

थॉमस कपची ती मॅच पुन्हा पाहणार असाल तर एक गेम शटलकडे न बघता पाहा. केविनच्या रॅकेटचं टोक कुठे आहे तेवढंच. मग एक गेम चिरागचं. पहिली पाच मिनिटं डोळे ऐकत नाहीत, ते शटलमागे पळतात, पण नंतर सवय होते. मी पुढच्या महिन्यात ध्रुव कपिला आणि मूळची गोव्याची तनिषा क्रास्टो यांच्या मॅचेस नोंदवायला घेतेय. तनिषा नेटवर असताना समोरचे टॉस कुठून कुठे जातात, एवढा एकच तक्ता आधी करणार आहे. तयार झाला की इथे टाकते.